घेतला म्हण

आमच्या सासरी नुसतं 'हो' म्हटलेलं चालत नसे.

लग्न होऊन मी अकोल्याला आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे चोळत स्वयंपाकघरात गेले, तर सासूबाई गॅससमोर उभ्या. दूध तापत होतं. म्हणाल्या, "मी आंघोळीले जाऊन राहिली. दूध हाय गॅसवर, उतू गेलं नाई पाह्यजे." मी म्हटलं, "हो." त्या हलल्या नाहीत. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. जरा मोठ्यानं म्हटलं, "हो, आई." तरी त्या तिथंच. खांद्यावर टॉवेल, हातात साबणाची डबी आणि नजर माझ्यावर.

"हो नाई," त्या म्हणाल्या. "घेतला म्हण."

"काय घेतला?"

"चार्ज."

मी 'घेतला' म्हटलं तेव्हा कुठे त्या मोरीकडे गेल्या. मी दुधाकडे टक लावून उभी राहिले. अमरावतीची, चांगली एम.ए. झालेली मुलगी मी, आणि या भट्टीसारख्या गावात येऊन दुधाचा चार्ज घेऊन बसले, याचा मला फार राग आला होता. मला राग लवकर येतो. दूध मात्र उतू गेलं नाही.

सासूबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. माझं लग्न झालं तेव्हा त्या नुकत्याच रिटायर झाल्या होत्या, पण ती बातमी त्यांच्यापर्यंत पोचली नसावी. सगळी गल्ली त्यांना 'सिस्टर' म्हणे. भाजीवाला म्हणे, गॅसचं सिलिंडर आणणारा म्हणे आणि सासरेही म्हणत. सासरे हिवरखेडच्या शाळेत मास्तर होते, म्हणून ते सगळ्यांचे गुरुजी. तरुणपणी एकदा सायकलवरून पडून त्यांनी पाय मोडून घेतला, अकोल्याच्या वॉर्डात महिनाभर पडून राहिले आणि पाय जुळेपर्यंत लग्नही जुळलं. तेव्हापासून ते बायकोला 'सिस्टर' आणि 'तुमी' म्हणत आले. त्यांच्या लग्नाची गोष्ट कोणी विचारलीच तर एवढंच सांगत, "ॲडमिट झालतो. डिस्चार्ज अजून भेटला नाई."

तर घर म्हणजे वॉर्ड होता. सकाळी सासूबाईंचा राउंड निघे. प्रत्येकाच्या कपाळाला हात लावायचा, जीभ बघायची आणि विचारायचं, "पोट साफ झालं काय?" यात लहानमोठा, घरचा-पाहुणा असा भेद नव्हता. माझे वडील पहिल्यांदा पेढ्यांचा बॉक्स घेऊन अमरावतीहून लेकीच्या घरी आले आणि एक दिवस राहिले. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी, चार लोकांत, विहीणबाईंनी त्यांना तोच प्रश्न केला. माझे वडील कोर्टात वकिली करणारे. उलटतपासणी घेण्याची त्यांना सवय, देण्याची नव्हती. ते कपात बघत "हो" म्हणाले. सासूबाईंनी त्यांचा चेहरा नीट न्याहाळला आणि त्यांच्यापुढची पेढ्यांची बशी उचलून आत नेली. त्यानंतर वडील आमच्याकडे येत राहिले, पण मुक्कामाला कधी थांबले नाहीत.

पाहुणे जास्त वेळ बसले की त्या घड्याळाकडे बघून सरळ म्हणत, "चला आता, भेटायची वेळ संपली." चादरीचे कोपरे गादीखाली असे घट्ट खोचत की पांघरुणात शिरायला चिठ्ठी पाकिटात सरकवावी तसं शिरावं लागे. मी सुरुवातीला ते कोपरे मुद्दाम उपसून झोपायची. सकाळी उठून बघावं तर मी आतच, आणि कोपरे पुन्हा खोचलेले. हे त्या कधी करत, देव जाणे.

पण या सगळ्यावर वरताण होता तो चार्ज. त्यांच्या वॉर्डात नियम होता. एकीची ड्युटी संपून दुसरीची लागली की पहिलीनं प्रत्येक खाटेपाशी उभं राहून सांगायचं, हे असं आहे, ते तसं आहे. दुसरीनं 'घेतला' म्हणायचं. ती तसं म्हणेपर्यंत पहिलीनं दाराबाहेर पाय टाकायचा नाही. एकदा मोर्णा नदीला पूर आला आणि पुढच्या ड्युटीची रिलीव्हर येऊच शकली नाही, तेव्हा त्या वॉर्डातच राहिल्या. ही गोष्ट त्या वारंवार सांगत. "मलेच ताप होता," त्या म्हणत, "वॉर्डातल्या पेशंटाईपेक्षा जास्त. पण चार्ज घ्यायले कोणी नाई, तं जाईन कशी?" यातला शेवटचा प्रश्न त्या आमच्याकडे बघून विचारत, जणू आम्हीच त्या दिवशी दांडी मारली होती.

घरात सगळ्या गोष्टींचे चार्ज होते. दुधाचा, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांचा, कूलरमध्ये पाणी घालायचा. आणि सगळ्यांत मोठा, नळाचा. ज्यांच्याकडे रोज नळ येतो त्यांना हे समजावणं कठीण आहे. अमरावतीला असताना मलाही समजलं नसतं. अकोल्यात उन्हाळ्यात नळ येतो तो एखाद्या जावयासारखा. कधी येईल सांगत नाही, आला की सगळी कामं टाकून त्याच्याकडे बघावं लागतं, आणि गेला की पुन्हा कधी दर्शन देईल याचा भरवसा नाही. त्यामुळे नळाचा चार्ज कोणालाही मिळत नसे.

गुरुजींना तो एकदाच मिळाला होता. माझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट. सासूबाई ड्युटीवर निघाल्या होत्या, गुरुजींनी 'घेतला' म्हटलं आणि पेपर घेऊन घरापुढच्या ओट्यावर बसले. पेपरातलं शब्दकोडं सुटेना. नळ आला. मागच्या अंगणात तो बिचारा भळभळ वाहिला, नालीतून गल्लीत गेला, आणि गुरुजींनी गल्लीतल्या पाण्याकडे बघून शेजाऱ्यांना सांगितलं की कोणाचा तरी नळ वाया चालला आहे. मग नळ गेला. त्या आठवड्यात सगळं घर शेजारच्या आपांकडे बादल्या घेऊन आंघोळीला जात होतं. आपांच्या घरी गाद्या-रजया भरायचं काम चाले आणि त्यांची सगळी मुलं सासूबाईंच्या हातून या जगात आली होती, म्हणून त्यांनी काही बोलून दाखवलं नाही. सासूबाईंनी मात्र गुरुजींचे सगळे चार्ज काढून घेतले, अगदी त्यांच्या स्वतःचासुद्धा. त्यांची बीपीची गोळी, डोळ्यांत घालायचे थेंब, भातावर मीठ घेतात की नाही, हे सगळं पुढची सगळी वर्षं सिस्टरकडे. आपण गोळी घेतली की नाही, हे गुरुजी त्यांना विचारून सांगत.

मग सासूबाई स्वतःच आजारी पडल्या. जिना चढताना दम लागू लागला. त्यांनी तो काही दिवस लपवला, म्हणजे जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबून भिंतीवरची जळमटं बघायच्या. हृदयाची एक झडप कामातून गेली होती. ऑपरेशन अमरावतीला ठरलं. डॉक्टरांनी नवऱ्याला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की या उन्हाळ्यात ऑपरेशन झालं तर ठीक, नाही तर दिवाळी त्यांच्याबरोबर होईल असं धरून चालू नका. आणि ऑपरेशनमध्येही धोका आहेच, वय झालं आहे.

हे आम्ही सासूबाईंना सांगितलं नाही. त्यांना ते आमच्या आधीच कळलेलं होतं. त्यांनी बॅग भरली, लुगडी इस्त्री केली आणि स्वतःची चादर बरोबर घेतली, कारण तिथल्या चादरींवर त्यांचा विश्वास नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी नवरा स्वयंपाकघरात आला. माझा नवरा वीज खात्यात इंजिनीअर. खांबावरची डीपी जळली तरी आधी चहा संपवणारा माणूस. तो हळूच म्हणाला, "उद्या आई चार्ज देईन. तू घेऊ नको."

"काहून?"

"कोणी घेतला नाई तं ती जाऊ शकत नाई. तिचाच नियम हाय."

मी त्याच्याकडे बघितलं. तो अजिबात हसत नव्हता. आडव्या गेलेल्या मांजरीवर मी कधी विश्वास ठेवलेला नाही, आणि लिंबू-मिरची बांधणाऱ्यांना मी तोंडावर हसते. पण त्या क्षणी मला ते पटलं. इतकं पटलं की याला हे माझ्याआधी कसं सुचलं, याचा थोडा रागच आला. चार्ज घेतला नाही की त्या ड्युटीवरून सुटणार नाहीत. अमरावतीला जातील, ऑपरेशन होईल, पण आम्हाला सोडून जाणार नाहीत. मी म्हटलं, "बरं. नाई घेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात लागली. सासूबाई ओट्यावरच्या खुर्चीत तयार बसल्या. गुरुजी टोपी घालून, पाण्याची बाटली छातीशी धरून त्यांच्या मागे उभे. तेही अमरावतीला येणार होते. मी माझ्या माहेरी त्यांच्यासाठी खाटसुद्धा घालून ठेवायला सांगितली होती. सासूबाईंनी मला समोर बोलावलं आणि चार्ज द्यायला लागल्या.

"नळ दोन-तीन दिवसात येईन. आधी पिण्याचं भरायचं, मंग वापराचं. आपाच्या पोरीले सांगतलं हाय, तुमी परत येईपर्यंत थे पाहीन, पण नीट पाहात नाई थे, फोन लावत राहायचं. कूलरची जाळी धुवायची हाय. कुरडया डब्यात भरल्या. अन् हे गुरुजी." इथे त्यांचा आवाज जरा खाली आला. "गोळी सकाळी. थेंब संध्याकाळी. मीठ मांगतात, द्यायचं नाई. पायाले मुंग्या येतात, सांगत नाईत, आपणच विचारायचं. घेतला?"

मी त्यांच्या बॅगेची चेन पुन्हा तपासली.

"घेतला म्हण."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो गाडीच्या चाकाकडे बघत होता.

"काहून व, वाचा बसली काय तुही?"

"आई, गाडीत बसा ना. उशीर होते."

"चार्ज देल्ल्याशिवाय?" त्या म्हणाल्या. "मंग मी जाईन कशी?"

आणि त्यांनी पायातली चप्पल काढून ठेवली. हे आमच्या लक्षात आलंच नव्हतं. कोणी चार्ज घेतला नाही तर सिस्टर जाऊ शकत नाही, इथपर्यंत आम्ही दोघांनी मिळून डोकं चालवलं होतं. कुठे जाऊ शकत नाही, याचा विचार राहून गेला. नियम सगळीकडे सारखाच लागू होता. त्या अमरावतीलाही जाणार नव्हत्या.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. डॉक्टरांनी दुपारच्या आत भरती व्हायला सांगितलं होतं. नवरा धावत आला. "आई, चल. मी घेतो, चल." पण त्याचा चेहरा असा झाला होता की त्या त्याला म्हणाल्या, "तुले कूलरची जाळी कोनत्या बाजूनं उघडते थे माहीत नाई. तू कायचा घेतो." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू म्हण. तू म्हटलं की निघाली मी."

आता मला म्हणायचं होतं. नवऱ्यानं डोळ्यांनीच सांगितलं, म्हण. पण 'निघाली मी' हे शब्द त्यांनी फारच सहज टाकले होते. मी नुसती मान हलवत होते, तीही नाही-नाही अशी. एरवी या घरात माझ्या तोंडाला कोणी लागत नसे, आणि एक शब्द बोलता येईना.

आवाज ऐकून आपा आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कमरेला पदर खोचून म्हणाल्या, "सिस्टर, मेरेकू दो ना चार्ज. मैं लेती."

"तुमी दुसऱ्या वॉर्डाच्या," सासूबाई म्हणाल्या. "चालत नाई."

तेवढ्यात गुरुजींनी पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. टोपी काढून खुंटीला लावली, बूट काढले आणि खुर्चीसमोर येऊन उभे राहिले. मास्तर असताना ते साहेबासमोर कसे उभे राहत असतील ते त्या दिवशी मी बघितलं.

"मले द्या," ते म्हणाले.

"तुमाले?"

"नळाचा द्या. कूलरचा द्या. अन् माह्यावाला बी द्या. मी नाई येत अमरावतीले. अठीच राह्यतो."

"गुरुजी, तुमाले नळाचा चार्ज—"

"घेतला," गुरुजी म्हणाले.

सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता शब्दकोड्याचा विषय निघणार. पण तो निघाला नाही. चप्पल पायात घातली, उठल्या, आणि गाडीत बसताना त्यांनी वळूनही बघितलं नाही. ड्युटी संपवून जाताना नर्स वळून बघत नाही, असं त्यांनी नंतर मला सांगितलं. बार्शीटाकळीच्या बाजूनं ढग आले होते, पाऊस काही आला नाही.

ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, सगळं ठीक आहे. मी कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन गुरुजींना फोन लावला. वाजून वाजून शेवटी उचलला. मागून पाण्याचा आवाज.

"गुरुजी, आई बऱ्या आहेत! झालं ऑपरेशन!"

"बरं," गुरुजी म्हणाले. "नळ आला हाय. सोडून बोलता येत नाई." आणि फोन ठेवला.

मला असा संताप आला की काय सांगू. बायको मरणाच्या दारातून परत आली आणि या माणसाला नळ! मी नवऱ्याला म्हटलं, तुमच्या घरात सगळे एका माळेचे मणी. माझ्या आईला फोन करूनही तेच म्हटलं. दोन दिवस मी गुरुजींना फोन केला नाही. मग आपांचा फोन आला. त्यांनी सांगितलं की त्या दिवशी त्या मागच्या दारानं डोकावल्या, तर गुरुजी पिपावर पाइप धरून उभे. पीप केव्हाच भरून वाहत होतं, अंगणभर पाणी, गुरुजींचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. एका हातात पाइप, दुसऱ्या हातात टॉवेल तोंडावर धरलेला आणि खांदे हलत होते. "मैं बोली, गुरुजी, पीप तो भर गया," आपा म्हणाल्या. "तो बोले, भरू द्या. फिर मैंनेच नळ बंद किया." मी फोन ठेवला आणि दवाखान्याच्या बाथरूममध्ये जाऊन खूप रडले.

सासूबाई घरी आल्या तेव्हा आधी मागच्या अंगणात गेल्या. पीप भरलेलं, माठ भरलेला, कूलरची जाळी धुतलेली. गुरुजींनी शिस्तीत सगळा चार्ज परत दिला, एकेका वस्तूपाशी उभं राहून. सासूबाई 'घेतला, घेतला' म्हणत गेल्या. शेवटी त्या म्हणाल्या, "अन् तुमचावाला?"

"थो नाई देत," गुरुजी म्हणाले.

त्यांना हे आवडलं नाही. पुढे कित्येक महिने गुरुजी गोळी घेत असताना त्या दाराआडून बघत. पण तो चार्ज त्यांना परत मिळाला नाही. त्यानंतर त्या आणखी काही वर्षं होत्या, चांगल्या हिंडत्या-फिरत्या, आणि माझ्या वडिलांना मुक्कामाला बोलावणाऱ्या. मग एका दुपारी कूलरसमोर गवारीच्या शेंगा निवडता निवडता गेल्या. आम्हाला कोणालाही काही सांगितलं नाही. लोक म्हणाले, किती सुखाचं मरण. मला मात्र त्यांचा राग आला. दुधाच्या एका पातेल्यासाठी मला अर्धा तास उभं करणारी बाई, आणि जाताना एक शब्द नाही. त्यांची मला रोज आठवण येते. चादरीचे कोपरे आता मी खोचते, आणि ते तितके घट्ट होत नाहीत.

गुरुजी आता खूप थकले आहेत. त्यांची गोळी, त्यांचे थेंब, सगळं अजून तेच बघतात, कोणाला हात लावू देत नाहीत. परवा सकाळी मी स्वयंपाकघरात होते. ओट्यावरच्या खुर्चीतून त्यांची हाक आली.

"सूनबाई, जरा ये व. चार्ज घे."

मला वाटलं, नळाचा असेल. मी हात पुसत दारापर्यंत गेले. ते समोर बघत सांगायला लागले होते, "गोळी सकाळी. थेंब संध्याकाळी. पायाले मुंग्या येतात..."

मी तशीच मागं फिरले आणि मिक्सर लावला. थोड्या वेळानं बंद केला तर पुन्हा हाक आली, "घेतला काय व?" मी पुन्हा लावला. आमचा मिक्सर जुना आहे, त्याच्या आवाजात कोणाचं काही ऐकू येत नाही. नवरा आतून ओरडत आला की सकाळी सकाळी काय वाटून राहिली एवढं. त्यानं मिक्सर बंद केला, झाकण उघडून बघितलं. भांड्यात काहीच नव्हतं. तेवढ्यात ओट्यावरच्या खुर्चीतून पुन्हा आलं, "घेतला काय व?" त्यानं झाकण लावलं आणि बटण पुन्हा फिरवलं.